टाळूला सुई, खिशाला कात्री

ऑस्ट्रेलियात मेंढीची लोकर काढायची एक अजब पद्धत निघाली होती. कात्री नाही, मशीन नाही. मेंढीला एक इंजेक्शन द्यायचं, अंगावर जाळीचं जाकीट चढवायचं आणि थोडे दिवस वाट बघायची. त्या इंजेक्शनने तिच्या सगळ्या केसांची वाढ एकदम थबकते, केस मुळाशी कमजोर होऊन तुटतात आणि मग स्वेटर उतरवावा तशी आख्खी लोकर हाताने काढून घेता येते. तिथल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने त्यावर काम केलं आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘बायोक्लिप’ या नावाने ती पद्धत बाजारातही आली.

आता सांगा, त्या इंजेक्शनमध्ये काय असेल?

ग्रोथ फॅक्टर.

हो, तोच शब्द जो तुमच्या फोनवर रील्सच्या मधेमधे येत असतो. ‘ग्रोथ फॅक्टर थेरपी! तुमच्याच रक्तातून तुमचेच केस परत!’ डावीकडे चकाकणारं टक्कल, उजवीकडे घनदाट जंगल आणि मधे एक बाण. पीआरपी, जीएफसी, ग्रोथ फॅक्टर सिरम... कॉलेजच्या रस्त्यावर क्लासेसच्या पाट्यांशेजारी आता हेअर क्लिनिकचीही पाटी दिसते. आणि विशीतल्या ज्या मुलाचं कपाळ जरा मागे सरकायला लागलंय, किंवा ज्या मुलीचा भांग रुंद दिसायला लागलाय, त्यांना ती पाटी जरा जास्तच ठळक दिसते.

मेंढीची गोष्ट आधी सांगितली ती घाबरवायला नाही. तुम्हाला जे इंजेक्शन देतात ते मेंढीचं नव्हे. पण जाहिरातीतला ‘ग्रोथ’ हा शब्द तुम्ही जसा वाचता, तसा तो नाही, हे त्या मेंढीइतकं चटकन दुसरं कुणी सांगू शकत नाही.

खत नव्हे, निरोप

ग्रोथ फॅक्टर म्हणजे एका पेशीने दुसरीला पाठवलेला निरोप. रसायन म्हणून बघायचं तर प्रथिनं. रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन या दोघांना त्यांच्या शोधासाठी १९८६ चं नोबेल मिळालं. लेव्ही-मोन्ताल्चिनी बाईंनी सुरुवातीचे प्रयोग दुसऱ्या महायुद्धात, ज्यूंवर बंदी असताना, स्वतःच्या बेडरूममध्ये कोंबडीच्या अंड्यांवर केले होते. कोहेनना उंदराच्या पिल्लांमध्ये एक गंमत दिसली: एक अर्क टोचला की पिल्लांचे डोळे वेळेआधीच उघडायचे. त्या अर्कातून सापडला एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, ईजीएफ. मेंढीच्या इंजेक्शनमधला हाच.

म्हणजे एकच पदार्थ पिल्लाचे डोळे लवकर उघडतो आणि मेंढीची लोकर उतरवतो. कसं काय?

कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज पडतो, ‘सर आले.’ वर्गात बसलेला वही काढतो. कॅन्टीनमधला चहा टाकून पळतो. घरी झोपलेला कूस बदलतो. मेसेज एकच, पण कोण वाचतंय आणि कुठे आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. ग्रोथ फॅक्टरचंही तसंच. काही निरोप केसाला ‘वाढ’ सांगतात, काही ‘आता बस’ सांगतात. एफजीएफ-५ नावाचा ग्रोथ फॅक्टर केसाची वाढ थांबवण्याचं काम करतो. त्याचं जनुक बिघडलं की उंदरांचे, मांजरांचे केस अंगोरासारखे लांब होतात. आहे की नाही मजा? नाव ग्रोथ फॅक्टर आणि काम ब्रेक लावायचं.

तुमच्या डोक्यावर साधारण लाखभर केस आहेत. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. दोन ते सहा वर्षं वाढायचं, दोन-तीन आठवड्यांत गुंडाळायचं, मग तीनेक महिने नुसतं बसून राहायचं आणि गळून पडायचं. त्याच मुळातून पुन्हा नवा केस. कुठल्याही क्षणी दहातले जवळपास नऊ केस वाढीच्या टप्प्यात असतात. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळणं हा आजार नाही, तो हिशोब आहे. बाथरूमच्या जाळीवरचा पुंजका बघून रात्री दोनला सर्च करत बसणाऱ्यांनी हा आकडा फोनच्या वॉलपेपरवर लावायला हरकत नाही.

रक्त फिरवलं की काय होतं

पीआरपी म्हणजे प्लेटलेट रिच प्लाझ्मा. तुमच्या हातातून थोडं रक्त काढतात, नळी सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये गरागरा फिरवतात. जड लाल पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर पाणी उरतं. त्यातला प्लेटलेट जास्त असलेला भाग घेऊन बारीक सुईने डोक्यात ठिकठिकाणी टोचतात.

प्लेटलेटच का? कारण जखम झाली की सगळ्यात आधी त्याच धावतात. रक्त गोठवतात, आणि स्वतःच्या पोटातल्या बारीक पिशव्या फोडून डझनावारी ग्रोथ फॅक्टर बाहेर सोडतात. नव्या रक्तवाहिन्या बोलवणारे, पेशींची संख्या वाढवणारे, भराव घालणारे. कल्पना अशी की हेच निरोप केसाच्या मरगळलेल्या मुळापाशी पोचवले तर ते जागं होईल. जीएफसी, म्हणजे ग्रोथ फॅक्टर कॉन्सन्ट्रेट, ही त्याचीच पुढची आवृत्ती. यात प्लेटलेट नळीतच फोडायला लावतात, पेशी मागे ठेवतात आणि नुसते ग्रोथ फॅक्टर असलेलं पाणी टोचतात. अर्थातच बिल मोठं.

कल्पना खोटी नाही, हे आधी सांगायला हवं. लहान लहान चाचण्यांमध्ये, काही ठिकाणी तर एकाच माणसाच्या अर्ध्या डोक्याला पीआरपी आणि अर्ध्याला नुसतं मिठाचं पाणी टोचून, केसांची दाटी वाढलेली मोजली गेली आहे. पण चित्र एकसारखं नाही. अमेरिकेत २६ महिलांवर झालेला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे; त्यात केसांच्या मोजणीत खरं पीआरपी आणि खोटं इंजेक्शन यात ठोस फरक दिसला नाही. शिवाय एका डॉक्टरचं पीआरपी म्हणजे दुसऱ्याचं पीआरपी नव्हे. रक्त किती घेतलं, मशीन किती वेगाने फिरवलं, प्लेटलेट किती पट झाल्या, किती सुया, किती आठवड्यांनी... प्रत्येक ठिकाणी पाककृती वेगळी. आणि त्या पिवळ्या पाण्यात फक्त ‘वाढ’ म्हणणारेच निरोप असतात असंही नाही. प्लेटलेटमध्ये टीजीएफ-बीटा नावाचा ग्रोथ फॅक्टरही भरपूर असतो, जो केसाला गुंडाळायला सांगणाऱ्यांपैकी एक आहे. चांगलं-वाईट वेगळं करून टोचण्याची सोय या नळीत नाही.

थोडक्यात, काहींना उपयोग होतो, थोडा होतो, आणि चालू ठेवावा लागतो. ‘थोडा’ आणि ‘चालू’ हे दोन शब्द रीलमध्ये सापडणार नाहीत. साधारण महिन्याच्या अंतराने तीन-चार सेशन, मग काही महिन्यांनी पुन्हा एकेक. एका सेशनचे काही हजार रुपये. हॉस्टेलवर राहणाऱ्या पोराने ही बेरीज करून बघावी. काही क्लिनिकवाले ईएमआयही देतात. कर्जाचे हप्ते नक्की फिटतात, केसांचं तेवढं नक्की सांगता येत नाही.

पण गळतायत कशाने?

खरी गडबड इथे आहे. जाहिरात ‘हेअर फॉल’ म्हणते, जणू तो एकच आजार आहे. डॉक्टरांना मात्र आधी हे शोधावं लागतं की निरोप पोचत नाहीये, की चुकीचा निरोप मोठ्याने पोचतोय, की मुळाला खायलाच मिळत नाहीये.

समजा ऑगस्टमध्ये तुम्हाला डेंग्यू झाला. किंवा टायफॉइड. किंवा गॅदरिंगसाठी तुम्ही महिनाभर फक्त सॅलडवर राहिलात. शरीराला धक्का बसला की पुष्कळ केस एकदम वाढ थांबवून विश्रांतीला जातात. आणि विश्रांती असते तीनेक महिन्यांची. म्हणजे गळती लागते नोव्हेंबरमध्ये! तोवर ताप विसरलेला असतो, आणि आळ येतो हॉस्टेलच्या पाण्यावर, नाहीतर नव्या शॅम्पूवर. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. मूठमूठ केस हातात येतात, माणूस हादरतो. पण मूळ शाबूत असतं. कारण दूर झालं की साधारण सहा महिन्यांत गळती आपोआप थांबते आणि केस परत येतात.

आता बघा. घाबरून तुम्ही डिसेंबरमध्ये क्लिनिक गाठलं, तीन-चार सेशन घेतली, मार्च-एप्रिलमध्ये केस आले. श्रेय कुणाला? सुईला. फोटो कुणाच्या पेजवर? त्यांच्या. खोटं कुणीच बोललं नाही, आणि तुमचे पैसे गेले.

मुलींमध्ये लोह कमी असणं, थायरॉइड, पीसीओएस ही नेहमीची मंडळी. मेसचं जेवण आवडत नाही म्हणून वेफर्स-मॅगीवर दिवस काढणाऱ्यांनी, आणि पाळीत खूप रक्तस्राव होणाऱ्यांनी, हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही तपासावं की नाही हे डॉक्टरांना विचारावं. रोज घट्ट पोनीटेल, घट्ट वेण्या बांधून कपाळाजवळचे केस ओढले जाऊन जातात, तो प्रकार वेगळा. नाण्याएवढी गोल चकती पडली तर ती चाई. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच मुळावर उठलेली असते, उपचारही वेगळा.

आपल्याकडचंच उदाहरण बघा. २०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात काही गावांत लोकांचे केस दोन-चार दिवसांत झपाट्याने गळून टक्कल पडायला लागलं. आधी पाण्यावर संशय गेला. आयसीएमआरचं पथक आलं, नमुने घेतले. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. अशा माणसाच्या डोक्यात ग्रोथ फॅक्टर टोचून काय उपयोग झाला असता? ताटातलं बदलायला हवं तिथे टाळूला सुई लावण्यात अर्थ नाही.

आणि मग उरतं ते खरं आनुवंशिक टक्कल. मुलांमध्ये कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून आणि भोवऱ्यापाशी, मुलींमध्ये भांगाच्या रेषेत. इथे टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं डीएचटी नावाचं हार्मोन मुळांना सतत सांगत असतं, ‘आटप, आटप.’ दर फेरीला केस आखूड होतो, बारीक होतो, शेवटी नुसती लव उरते. ‘मामाला टक्कल म्हणजे तुलाही’ हे अर्धंच खरं. एक महत्त्वाचं जनुक आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर आहे खरं, पण बाकीची बरीच जनुकं दोन्हीकडून येतात. त्यामुळे मामाला एकट्याला दोष देऊ नका, बाबांकडेही एकदा बघा.

यात वेळ महत्त्वाची असते. मूळ बारीक झालंय तोवर त्याला सावरता येतं. पूर्ण मिटलं की कुठलाही ग्रोथ फॅक्टर ऐकायला तिथे कुणी उरत नाही. म्हणून चुकीच्या उपचारात गेलेलं वर्ष हे पैशांपेक्षा महाग पडतं.

कंटाळवाणी औषधं

या टकलावर भक्कम पुरावा असलेली दोन औषधं जुनी आहेत, आणि त्यांच्या रील्स फारशा बनत नाहीत. एक मिनॉक्सिडिल. मुळात ही ब्लडप्रेशरची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस उगवायला लागले, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. १९८८ मध्ये अमेरिकेत पुरुषांच्या टकलासाठी लावायचं औषध म्हणून तिला मान्यता मिळाली. दुसरं फिनास्टराइड, डीएचटी बनणंच कमी करणारी गोळी. पुरुषांच्या टकलासाठी मान्यता १९९७ मध्ये. ही डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. काही जणांमध्ये लैंगिक इच्छा कमी होते, काहींचा मूड खालावतो. असं काही जाणवलं तर लाजून गप्प बसायचं नाही, लगेच सांगायचं. गरोदर बाईने तर या गोळीपासून लांबच राहायचं.

दोन्ही औषधं नेमाने घ्यावी लागतात. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात, जुने जागा रिकामी करत असतात म्हणून. निम्मे लोक इथेच घाबरून बाटली फेकून देत असावेत, असा माझा अंदाज आहे. फरक कळायला चार-सहा महिने लागतात, आणि बंद केलं की मिळवलेलं काही महिन्यांत जातं. (घरात मांजर असेल तर सांभाळून. मिनॉक्सिडिल मांजरांसाठी विष आहे, उशीवर लागलेलंसुद्धा.) जेनेरिकमध्ये महिन्याचा खर्च शेकड्यात असतो.

ग्रोथ फॅक्टरच्या कल्पनेतून आलेलं एक स्वस्त काम तर मुंबईतलंच आहे. शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात, म्हणजे आपल्या सायन हॉस्पिटलात, डॉ. रचिता धुरत आणि सहकाऱ्यांनी १०० पुरुषांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना फक्त मिनॉक्सिडिल, निम्म्यांना मिनॉक्सिडिल आणि आठवड्यातून एकदा बारीक सुयांचा रोलर. १२ आठवड्यांनी मोजलेल्या भागात पहिल्या गटाचे सरासरी २२ केस वाढले होते, दुसऱ्याचे ९१. तर्क तोच: सुईने बारीक जखम केली की प्लेटलेट आपण होऊन धावत येतात आणि आपले ग्रोथ फॅक्टर सोडतात. वेगळं रक्त काढायला नको. पण म्हणून ऑनलाइन रोलर मागवून रूममेटसोबत वाटून वापरायचा नाही. ज्या वस्तूने रक्त येतं ती वस्तू कुणाशीच वाटायची नसते.

मग ग्रोथ फॅक्टर सिरमचं काय? त्वचा ही बाहेरचं आत येऊ नये म्हणूनच असते. ढोबळ नियम असा की साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठा रेणू धड त्वचेतून आत जात नाही. मिनॉक्सिडिल २०९ डाल्टनचं आहे, सहज शिरतं. ईजीएफ हा त्यातल्या त्यात छोटा ग्रोथ फॅक्टर, तरी तो सहा हजारांच्या घरात. जाळीतून भोपळा घालण्यासारखं आहे ते. बाटली सुंदर असते, वासही छान असतो.

खुर्चीत बसण्याआधी

आपल्या कायद्यात एक गंमतशीर यादी आहे. औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं नियम, १९४५ मधली ‘अनुसूची जे’. त्यातले आजार बरे करतो असा दावा कुठलंही औषध करू शकत नाही. कॅन्सर, एड्स यांच्यासोबत त्या यादीत टक्कलही आहे. पण पीआरपी काही बाटलीत मिळणारं औषध नाही, ती प्रक्रिया आहे. त्यामुळे जे वाक्य तेलाच्या बाटलीवर लिहायला कंपनी दहादा विचार करेल, ते क्लिनिकच्या पेजवर बिनधास्त असतं.

स्वतःचंच रक्त आहे म्हणजे धोका शून्य, असंही धरून चालू नका. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात एका विनापरवाना स्पामध्ये चेहऱ्यावर हेच पीआरपी केलं जायचं. सुया आणि नळ्यांची हेळसांड झाली आणि तिथल्या काही ग्राहकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं उघड झालं. तेव्हा सुई, नळी तुमच्यासमोर फोडली जाते का, नळीवर तुमचं नाव लिहिलं जातं का, हे बघायला लाजू नका. टोचणारी व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ आहे का? एमडी, डीएनबी, डीव्हीडी असं काही नावापुढे आहे का? नुसतं ‘हेअर एक्स्पर्ट’ किंवा ‘ट्रायकॉलॉजिस्ट’ लिहिलं असेल तर मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. खरा डॉक्टर त्याचा राग मानत नाही.

आणि सगळ्यात आधी एक प्रश्न: माझ्या केसगळतीचं नाव काय? याचं उत्तर न देता थेट पॅकेजचं कार्ड पुढे सरकवलं, तर उठून या. समोरचा डॉक्टर डोक्यावर भिंग धरून बघतो का, मागच्या सहा महिन्यांतला ताप, डाएट, पाळी, घरातली टकलं यांची चौकशी करतो का, आधी रक्त तपासायला सांगतो का? जवळच्या मेडिकल कॉलेजच्या सरकारी रुग्णालयात स्किनची ओपीडी असतेच. रांग लागते, सकाळ जाते, पण केसपेपरच्या पैशात निदान मिळतं. तिथल्या डॉक्टरांनी सगळं बघून, औषधं चालू असताना जोडीला पीआरपी करून बघू म्हटलं, आणि घरून पैशाची ओढाताण होणार नसेल, तर जरूर करा.

तोवर एक काम फुकटात होतं. आज एक फोटो काढून ठेवा. त्याच खिडकीपाशी, कोरड्या केसांचा, भांग त्याच जागी, फ्लॅश बंद. दर महिन्याला एक. जाहिरातीतल्या फोटोंमध्ये आधीचे केस बऱ्याचदा ओले आणि वरून दिव्याचा झोत, नंतरचे कोरडे आणि फुगवलेले, हे एकदा लक्षात आलं की मग दिसतच राहतं. तुमच्या फोटोंमध्ये सहा महिन्यांनी काय दिसतंय ते डॉक्टरांना दाखवा, आणि पुढची सुई घ्यायची की नाही ते त्यावर ठरवा.